नारायणराव पेशव्यांच्या वधाविषयींचीं तीन लोकवचनें

वादांत वचनाचा आधार घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. शास्त्रार्थांत स्मृतिवचन, कीर्तनांत संतवचन आणि राजकीय सभेंत एखाद्या थोर पुरुषाचा उद्गार, असा हा क्रम चालत आलेला आहे. वचन निघालें कीं श्रोते मान डोलावतात आणि पुष्कळदां वाद तेथेंच संपतो. परंतु न्यायशास्त्रानें शब्दाला प्रमाण मानलें तें आप्ताच्या शब्दाला. आणि मीमांसकांनीं वाक्याचें तात्पर्य ठरवितांना त्याचा उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, पाहण्यास सांगितलें. शास्त्रग्रंथांतील वाक्यांना लावलेली ही कसोटी इतिहासांतील उद्गारांना मात्र आपण क्वचितच लावतों. ती एका प्रसंगापुरती लावून पाहावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

हा प्रसंग म्हणजे भाद्रपद शुद्ध त्रयोदशी शके १६९५, ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्याच्या शनिवारवाड्यांत झालेला नारायणराव पेशव्यांचा वध. या एका प्रसंगानें मराठी भाषेला तीन वचनें दिलीं. पहिलें ‘ध चा मा’. दुसरें ‘काका, मला वाचवा’. तिसरें, रामशास्त्री प्रभुणे यांनीं रघुनाथरावास सांगितलेलें देहान्त प्रायश्चित्त. लेखांत कोणीं शब्दांची फिरवाफिरव केली कीं पहिलें वचन निघतें. काका-पुतण्यांत राजकीय वितुष्ट आलें कीं दुसरें निघतें. न्यायाधीशाच्या निःस्पृहतेची गोष्ट निघाली कीं तिसऱ्यावांचून भाषण पुरें होत नाहीं.

मीं शाळेंत तीन तपांहून अधिक काळ संस्कृत व इतिहास हे विषय शिकविले. हीं तिन्ही वचनें मीं दरवर्षीं एकाच तासांत, एकामागून एक, मोठ्या आवेशानें सांगत असें. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, ‘‘सर, कागदांत दुसऱ्यानेंच फेर केला असेल, तर शास्त्रीबुवांनीं राघोबादादाला मरायला कां सांगितलें?’’ मला उत्तर देतां आलें नाहीं. तास संपल्याची घंटा झाली, तिच्यामुळें माझी लाज राहिली; पण प्रश्न राहिलाच. मुलीची शंका अगदीं बरोबर होती. पहिलें वचन खरें धरलें तर रघुनाथरावाच्या मनांत पुतण्याला केवळ धरण्याचें होतें, मारण्याचें नव्हतें. तिसरें वचन तर त्याला मरण सांगतें. दोन्ही वचनें आपण शेजारीं शेजारीं उच्चारतों, आणि तीं परस्परांशीं भांडत आहेत हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगतों. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्यें थेऊर येथें वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. वधाच्या वेळीं तो अवघा अठरा वर्षांचा होता. चुलता रघुनाथराव त्याच वाड्यांत नजरकैदेंत होता. गारदी पगाराच्या तक्रारीचें निमित्त करून हत्यारांनिशीं वाड्यांत शिरले. सुमेरसिंग, महंमद इसफ व खरगसिंग हे त्यांचे म्होरके. खिजमतगार तुळाजी पवार त्यांस सामील. नारायणराव जीव घेऊन पळाला तो चुलत्याच्या दालनांत शिरला आणि त्यानें त्यास मिठी मारली. तेथेंच त्याचा अंत झाला. धन्यास वाचविण्यासाठीं हातांत शस्त्र नसतां मध्यें पडलेला चापाजी टिळेकर हाहि तेथेंच मारला गेला.

या प्रसंगाची जी हकीकत आज सर्वत्र रूढ आहे, तिला मोठा आधार ग्रँट डफ याच्या मराठ्यांच्या इतिहासाचा. तो ग्रंथ १८२६ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाला. डफ १८१८ पासून कांहीं वर्षें सातारा येथें इंग्रजांचा अधिकारी होता. म्हणजे तो तेथें आला तेव्हां वधास ४५ वर्षें होऊन गेलीं होतीं. जुनीं माणसें हयात होतीं, दप्तरें उपलब्ध होतीं, म्हणून त्याची माहिती केवळ टाकाऊ म्हणतां येत नाहीं. परंतु उद्गारांचे नेमके शब्द अर्ध्या शतकानंतर परभाषेच्या लेखणींतून उतरले आहेत, हेंहि विसरतां येत नाहीं. पुढें १९०९ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ नाटक रंगभूमीवर आलें व १९४४ सालीं प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट निघाला. रामशास्त्र्यांचे म्हणून आपल्या कानांत जे शब्द घुमतात त्यांना वजन इतिहासाचें असलें, तरी नाद बहुतांशीं रंगभूमीचा आहे असें मला वाटतें. राजवाड्यांनीं बखरीपेक्षां अस्सल कागदाला मान द्यावयास शिकविलें. तोच दंडक उद्गारांनाहि लावला पाहिजे.

आतां एकेक वचन पाहूं.

‘ध चा मा’ याविषयीं डफ जें सांगतो त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींचें प्रामाण्य सारखें नाहीं. रघुनाथरावानें नारायणरावास धरण्याचा हुकूम दिल्याचें रामशास्त्र्यांपाशीं कबूल केलें असें म्हणतात, ही पहिली. मूळ कागद पुढें शास्त्र्यांच्या हातीं आला व त्यांत ‘धरावें’ याचें ‘मारावें’ केलेलें आढळलें, ही दुसरी. हा फेर आनंदीबाईनें केला अशी सर्वांची समजूत आहे, ही तिसरी. पहिली गोष्ट आरोपीच्या कबुलीची ऐकीव वार्ता, दुसरी लेखाविषयींची, तिसरी केवळ लोकप्रवाद. इतिहासकारानें स्वतःच तिला समजूत म्हटलें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र क्रम उलटला. पहिल्या दोन गोष्टी मागें पडल्या आणि तिसरी सिद्ध झालेल्या गुन्ह्यासारखी पुढें आली. आनंदीबाई १७९४ सालीं वारली. पण तिच्यावरचा आरोप कोणत्याहि न्यायासनासमोर शाबीत न होतां म्हणीच्या रूपानें जगला. शाळेंतील पोरहि आज तिला दोषी ठरवितें, आणि साक्षीपुराव्याच्या ठिकाणीं त्याच्याजवळ फक्त तीन अक्षरें असतात. माझ्या वर्गांतील कित्येक पिढ्यांना तीं मींच शिकविलीं, म्हणून या वाक्याचा दोष मी दुसऱ्याच्या माथीं मारूं शकत नाहीं.

असें इतरत्रहि घडलें आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या नांवावर, लोकांना भाकर मिळत नसेल तर त्यांनीं त्याहून उंची पक्वान्न खावें, अशा अर्थाचा उद्गार आजपर्यंत चालत आला आहे. श्रीमंतांच्या बेपर्वाईचें उदाहरण म्हणून राजकीय भाषणांत त्याचा उपयोग होतो. तो उद्गार एका अनामिक राजकन्येचा म्हणून रूसोच्या आत्मचरित्रांत येतो, आणि तो भाग रूसोनें लिहिला तेव्हां ही मुलगी ऑस्ट्रियांत बाळपणांत होती. ती फ्रान्समध्यें आली १७७० सालीं. १७९३ सालीं तिचा शिरच्छेद झाला, पण त्यानंतरहि तें वाक्य तिला चिकटून राहिलें. दोन्ही ठिकाणीं लोकांच्या मनांत रोष आधींच होता. वाक्यानें त्याला धरावयास एक मूठ दिली. दोन्ही ठिकाणीं ती मूठ एका स्त्रीच्या नांवाची होती, हाहि केवळ योगायोग मानवत नाहीं. राज्याच्या अपराधाचा भार अंतःपुरावर टाकला म्हणजे पुरुषांचा हिशेब आपोआप हलका होतो.

दुसरें वचन, ‘काका, मला वाचवा’. रात्रीं शनिवारवाड्यांतून ही हांक ऐकूं येते अशी दंतकथा पुण्यांत सांगतात. आज या वचनाचा उपयोग बहुधा विनोदासाठीं होतो. परंतु न्यायाच्या दृष्टीनें तिहींमध्यें हेंच वचन मला अधिक महत्त्वाचें वाटतें. नारायणरावाच्या तोंडून नेमके हेच शब्द निघाले कीं नाहीं हा प्रश्न येथें गौण आहे. डफच्या कथनाप्रमाणें पुतण्यानें मिठी मारून जीवदान मागितल्यावर रघुनाथरावानें सुमेरसिंगाला त्यास सोडण्याविषयीं विनविलें; परंतु तो ऐकेना, आणि याला सोडा नाहीं तर तुम्हीहि याच्याबरोबर मराल असें बजावूं लागला. तेव्हां रघुनाथरावानें स्वतःला त्या मिठींतून सोडवून घेतलें. याच घटकेला हुकुमाचा कागद निरर्थक झाला. त्यांत ‘ध’ असो वा ‘मा’ असो, डोळ्यांसमोर काय होणार हें आतां स्पष्ट होतें, आणि शरण आलेल्याला धरून राहावें कीं सोडावें एवढाच प्रश्न उरला होता. त्या दालनांत याचें उत्तर दोघांनीं दिलें. चापाजी टिळेकरानें एक दिलें, रघुनाथरावानें दुसरें. लेखांतील एका अक्षराचा वाद दोनशें पन्नास वर्षें घालणाऱ्या आपल्या भाषेनें चापाजीच्या नांवें एकहि म्हण ठेवली नाहीं.

आतां तिसरें वचन. येथें शब्दांचा एक घोळ प्रथम काढून टाकला पाहिजे. रामशास्त्र्यांनीं पेशव्यास देहान्ताची शिक्षा फर्मावली, असें अनेक वक्ते बोलतात. हें बरोबर नाहीं. धर्मशास्त्रांत दंड आणि प्रायश्चित्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन अध्यायच स्वतंत्र आहेत. दंड राजा देतो आणि अपराध्याची इच्छा असो वा नसो, तो भोगावा लागतो. प्रायश्चित्त पातकी स्वतः विचारतो आणि स्वतःच आचरतो. विद्वानांनीं फक्त तें सांगावयाचें. पुढें बारभाईंच्या कारकीर्दींत महंमद इसफ पकडला जाऊन ठार झाला, तो दंड होय. रघुनाथराव मात्र त्या घटकेस स्वतःच राज्यकर्ता होता. पेशव्यास दंड करण्याचा अधिकार पेशव्याच्या न्यायाधीशाजवळ नव्हता. त्यानें प्रायश्चित्त विचारलें, आणि शास्त्र्यांनीं विचारल्या प्रश्नाचें उत्तर दिलें. प्रश्न वगळून उत्तर सांगितल्यामुळें आपण एका धर्मशास्त्र्याच्या अभिप्रायाला न्यायालयाचा हुकूम करून टाकलें आहे.

तो अभिप्राय शास्त्राला धरून होता काय? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत ब्रह्महत्येचें बारा वर्षें वनांत राहण्याचें व्रत सांगून, ही शुद्धि नकळत झालेल्या वधाची आहे, बुद्धिपुरस्सर केलेल्या ब्राह्मणवधास निष्कृति नाहीं, असा स्पष्ट भेद केलेला आहे. म्हणजे हेतु कोणता होता यावरच सर्व अवलंबून. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच होता. हुकूम ‘धरावें’ एवढाच असेल तर हेतु वधाचा नाहीं, आणि मरणान्त प्रायश्चित्त अधिक ठरतें. शरणागताचा त्याग हें वेगळें पाप धरलें, तर त्यास मनूनें वर्षभर जवांवर राहण्याचें व्रत सांगितलें आहे. तेंहि मरण नव्हे. आपस्तंब धर्मसूत्र म्हणतें कीं, करणारा, करविणारा आणि अनुमति देणारा हे तिघेहि कर्माच्या फळाचे वांटेकरी होत. हें वचन रघुनाथरावाच्या अधिक जवळ येतें, कारण वधानंतर त्यानें मारेकऱ्यांस शासन केलें नाहीं आणि वधामुळें मोकळी झालेली पेशवाई स्वीकारली. तरीहि वांटेकरी म्हणजे मुख्य कर्ताच, असें त्यावरून म्हणतां येत नाहीं.

मग शास्त्र्यांनीं मरण कां सांगितलें? मीं डफचें तें पान पुन्हां काढून पाहिलें, आणि वर्षानुवर्षें डोळ्यांखालून गेलेली एक गोष्ट तेव्हां कोठें दिसली. रामशास्त्र्यांच्या उत्तराचे तीन भाग आहेत. पहिल्यांत रघुनाथरावानें स्वतःचा प्राण द्यावा असें सांगितलें आहे. दुसऱ्यांत त्याचें कारण आहे: पुढील आयुष्य त्याच्या हातून सुधारणेंत जाणार नाहीं, आणि त्याचा वा त्याच्या राज्याचा उत्कर्ष होणार नाहीं. तिसऱ्यांत शास्त्र्यांनीं स्वतःस बांधून घेतलें आहे: तो कारभारावर असेपर्यंत आपण चाकरी पत्करणार नाहीं आणि पुण्यांत पाऊल ठेवणार नाहीं. आपण सर्व, व्यासपीठावरील वक्ते आणि वर्गांतील मास्तर, पहिला भाग सांगतों व थांबतों.

दुसऱ्या भागांत मुलीच्या प्रश्नाचें उत्तर आहे. शास्त्र्यांनीं कागदांतील अक्षर मोजलें नाहीं. डफच्या म्हणण्याप्रमाणें अपराधाचें प्रमाण किती हें त्यांनीं आधींच आपल्या मनाशीं ठरविलें होतें. त्यांनीं पुढील आयुष्य मोजलें. प्रायश्चित्ताचा पाया पश्चात्ताप आहे. केलें त्याचा अनुताप व्हावा आणि पुन्हां असें करणार नाहीं असा निश्चय व्हावा, तेव्हां पापापासून सुटका, असें मनूचेंहि सांगणें आहे. ज्याला पातकाचें फळ सोडावयाचें नाहीं त्याला बारा वर्षांचें व्रत सांगून काय उपयोग? पेशवाई हातांत ठेवून प्रायश्चित्त मागणाऱ्याला शास्त्री इतकेंच सांगत होते कीं, जगून तूं शुद्ध होणार नाहींस. असा अर्थ घेतला तर पहिल्या आणि तिसऱ्या वचनांतील विरोध मिटतो. हुकूम धरण्याचाच असला, तरी पुतण्याच्या रक्तानें मिळालेली गादी न सोडणें हा अपराध रघुनाथरावाचा स्वतःचा होता. तेथें कोणीं अक्षर बदललें नव्हतें. पुढील इतिहासहि या निदानाच्या उलट गेला नाहीं. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर नारायणरावाचा पुत्र सवाई माधवराव जन्मला, तरी रघुनाथरावानें हक्क सोडला नाहीं. मार्च १७७५ मध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह करून त्यानें परक्या फौजा स्वराज्यावर आणल्या. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर नेमणुकीवर राहून डिसेंबर १७८३ मध्यें तो कोपरगांवीं वारला.

तिसरा भाग तर वचनाचा प्राणच होय. मनूच्या त्याच अध्यायांत म्हटलें आहे कीं, बालघातकी, कृतघ्न आणि शरणागताचा घात करणारा यांनीं यथाधर्म शुद्धि केली तरी त्यांच्याबरोबर राहूं नये. हें वचन त्या वेळीं रामशास्त्र्यांच्या मनांत होतें असें म्हणण्यास माझ्याजवळ पुरावा नाहीं. परंतु त्यांचें आचरण त्याला धरून झालें. त्यांनीं पुणें सोडलें व वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले. रघुनाथरावाचा अंमल उठल्यावर बारभाईंच्या कारभारांत ते परत न्यायासनावर आले, आणि १७८९ सालीं वारले. नाटककार शब्द रचूं शकतो, इतिहासकार ते आठवणींतून उतरवूं शकतो. पण मुख्य न्यायाधीशानें पद सोडून खेड्यांत जाऊन बसणें ही शब्दांच्या पलीकडची गोष्ट आहे. नेमके शब्द हातीं नसतां वचनाला जी किंमत आहे ती या कृतीमुळें.

रामशास्त्र्यांची ही रीतच होती असें दिसतें. थोरले माधवराव जपांत रमून राजकार्याकडे दुर्लक्ष करूं लागले, तेव्हांची त्यांची गोष्ट डफनेंच दिली आहे. राज्य करावयाचें तर प्रजेकडे पाहावें. निव्वळ ब्राह्मणाचा धर्म आचरावयाचा तर गादी सोडून काशीस चलावें, असें त्यांनीं धन्यास सांगितलें. पण सांगावयास आले ते स्वतः काशीस जाण्याची तयारी करूनच आले. माधवरावांनीं चूक मान्य केली म्हणून जाणें राहिलें. रघुनाथरावानें केली नाहीं म्हणून जाणें घडलें. दोन्ही प्रसंगीं उपदेशाच्या आधीं उपदेशकाचें गांठोडें बांधून तयार होतें.

यावरून वचनांचा उपयोग वादांत करूंच नये असें मी म्हणत नाहीं. वचनावांचून समाजाची स्मृति राहत नाहीं, आणि रामशास्त्र्यांचें नांव घेतल्यानें एखाद्या दुर्बळ न्यायाधीशाचा कणा ताठ होत असेल तर तें नांव अवश्य घ्यावें. परंतु घेणाऱ्यानें तीन गोष्टी आपल्याशीं तपासाव्या. हें कोणाचें म्हणून कोणीं आणि किती काळानें लिहिलें? तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर होतें? आणि तें बोलल्याबद्दल बोलणाऱ्यानें स्वतः काय सोडलें? ‘ध चा मा’ पहिल्या प्रश्नापाशींच अडखळतें, म्हणून त्याच्या जोरावर कोणा व्यक्तीला दोष देऊं नये. फिरवाफिरवीची म्हण म्हणून तें राहो. ‘काका, मला वाचवा’ यांतील शब्द अनिश्चित असले तरी त्यामागील कृत्य सर्व हकीकतींना मान्य आहे, म्हणून तें विनोदाला न वापरतां ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याला त्याचें कर्तव्य आठवून देण्यास वापरावें. आणि देहान्त प्रायश्चित्ताचें वचन ज्याला उच्चारावयाचें असेल त्यानें तें तिसऱ्या भागासह उच्चारावें. पहिला भाग दुसऱ्याला कांहीं सोडावयास सांगतो, तिसरा आपल्याला. व्यासपीठावरून रामशास्त्र्यांचा दाखला देऊन खालीं उतरल्यावर त्याच सत्ताधाऱ्याच्या गाडींत बसणाराला या वचनाचा अधिकार पोंचत नाहीं.

ती विद्यार्थिनी आज कोठें असेल तें मला ठाऊक नाहीं. त्या दिवशीं तिचा प्रश्न मीं घंटेच्या आड लपविला. वरील उत्तर तिचें देणें म्हणून येथें लिहून ठेविलें आहे. तें सदोष असेल तर जाणत्यांनीं प्रमाण दाखवून सुधारावें. मात्र दुसरें एखादें वचन पुढें करून नव्हे.